खेमराजकाकांचा खड्डा

खड्डे बुजवायचे ठरवणारा शहाणा मीच. मी भूपेंद्र, शिकलेला इंजिनीअर आणि नाटकाच्या वेडापायी फुकट राबणारा. भंडाऱ्यातल्या विणकर सोसायटीचा शंभर वर्षांचा, आता बंद पडलेला कारखाना आम्हा नाटक-गाणी-चित्रं करणाऱ्या पोरापोरींना मिळाला, तेव्हा त्याच्या जमिनीत बारा खड्डे होते. एकेका खड्ड्यावर एकेक हातमाग असायचा. विणकर काठावर बसायचा आणि पाय खाली सोडून माग चालवायचा. मला मात्र तिथे नाचताना मोडणारे पायच दिसत होते.

आम्ही कामाला लागलो तेव्हा खेमराज धकाते भाचीच्या लग्नाला करडीला गेले होते. बेचाळीस वर्षं ते याच कारखान्यात विणत होते. सोसायटी बुडाली, माग विकले गेले, तरी काका रोज सकाळी येऊन झाडून जायचे. जागा आम्हाला मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. छपराच्या कवेलूंतली वटवाघळं त्यांनीच हाकलली, सागवानी खांब त्यांनीच पुसले. लग्न आटोपून ते परतले तोवर अकरा खड्डे बुजले होते.  त्यांनी हातातली लाडूची पिशवी बाजूला ठेवली आणि ते आपल्या बाराव्या खड्ड्यात पाय सोडून बसले.

"काका, उठा ना. सिमेंट कालवून ठेवलं, वाळून जाईन."

"टाक ना बाबू. मी कुठं नाई म्हणून राहिलो?"

ते सिमेंट शेवटी दारापुढच्या पायरीला लागलं. आमच्या नाटकाची दिग्दर्शिका आणि नायिका रंजिता, आसगावच्या शेतकऱ्याची लेक, पोट धरून हसत होती. मी चिडलो आणि अट घातली: उद्घाटनापर्यंत खड्डा राहील, पण त्यात एक जरी माणूस पडला, तर दुसऱ्या दिवशी बुजवणार. काका म्हणाले, "मंजूर."

महिन्याभरात खड्ड्यात एकच माणूस पडला. मी. वर बघत दिव्यांच्या जागा ठरवत मागे सरकत होतो. काकांनी हात देऊन वर ओढलं, पँट झटकली आणि हळूच म्हणाले, "कोनाले नाई सांगत. तू बी नको सांगू." माझी अशी जिरली की त्या दिवशी चहा मी पाजला.

तालीम चालू असली की काका खड्ड्याच्या काठावर मान खाली घालून बसलेले असत. झोपले असावेत असं वाटे. एकदा आमचा प्रॉम्प्टर तेजराम भाताच्या रोवणीसाठी गावी गेला. नट अडखळला, सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले, आणि खड्ड्यातून पुढचं वाक्य आलं. मग त्याच्या पुढचंही. म्हाताऱ्याला अख्खं नाटक पाठ होतं, पाची भूमिकांसकट!

"काका, हे कवा पाठ केलं?" रंजितानं विचारलं.

"पाठ कायले करा लागते? चार माग सोडून धागा तुटला तरी आवाजावरून समजे मले. तुमचं तं समोरच तुटून राहिलं."

तेजरामची वही काकांच्या हाती आली. त्यांनी ती एकदाही उघडली नाही.

उद्घाटनाला कारखाना खच्चून भरला. जुन्या विणकर बाया पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. नाटक विणकर घराचंच. नायिकेच्या नवऱ्याचा माग विकला जातो आणि दोन माणसं तो दारातून बाहेर नेतात, असा प्रसंग. त्यासाठी आम्ही खरा माग मागून आणला होता. तालमीत कधी मान वर न करणाऱ्या काकांनी तो त्या दिवशी पाहिला आणि ते त्याच्याकडेच बघत राहिले. रंजिताला वाक्य आठवेना. खालून काहीच येईना. 

रंजिता सावकाश खड्ड्याजवळ आली, काकांच्या शेजारी काठावर बसली आणि तिनंही पाय आत सोडले.

"तुमीच सांगा काका. तुमचा माग नेला तवा तुमी काय म्हणले?"

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे.

"काई नाई म्हणलो बाई," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मागाले हात लावला. अन् घरी जाऊन जेवलो."

पुढच्या सतरंजीवरच्या बाया पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मीही रडलो, लपवत नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. रंजितानं काकांना उठवून उभं केलं, तर ते लाजून पुन्हा खाली बसले.

नाटक संपल्यावर पेढे वाटता वाटता जुन्या विणकर बायांपैकी सुशीलाबाईंनी मला गाठलं. काठी टेकत त्या गुळगुळीत जमिनीवर हिंडत होत्या.

"बाबू, माहा खड्डा कोन्ता रे? इथं का तिथं?"

कोणता खड्डा कोणाचा, हे न विचारताच मी ते बुजवले होते. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. त्यांच्यामागे आणखी तिघी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन कारखान्यात गेलो. काका आधीच आले होते. आपल्या खड्ड्यापासून पावलं मोजत ते चार पावलं मागे गेले आणि खडूनं माझ्या सिमेंटवर एक चौकोन काढला.

"सुशीलाबाई इथं बसे," ते म्हणाले. "फोड."