आत्याने तीनदा भरलेली कॉइल

माझी आत्या मोटारी भरायची. म्हणजे जळलेल्या पंख्याची, पंपाची, मिक्सरची मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि त्या जागी नवी गुंडाळायची. दुकान आजोबांचं. अरुंद गल्लीत एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला शिलाई मशिनी दुरुस्त करणारा आणि मध्ये आमचं. आत शिरलं की आधी व्हार्निशचा वास यायचा आणि मग आत्या दिसायची. माझे बाबा शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला गेले, आजोबांचे हात थरथरायला लागले, आणि दुकान आत्याच्या गळ्यात पडलं. ‘गळ्यात पडलं’ हे माझ्या आईचे शब्द. आत्या म्हणायची, ‘हातात आलं.’

एक दिवस दुपारी एक लांबलचक, किंचित वाकलेला माणूस दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरवर डोकं आपटून आत आला. कपाळ चोळत त्याने खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून एक चपटी, चकचकीत डबी. आजोबा कोपऱ्यात बसले होते. ते आत्याला हळूच म्हणाले, “बघ गं, जिराफाला काय हवंय.” तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव जिराफच पडलं. पुढे त्याच्या तोंडावरही तेच.

“ही काही मोटार नाही,” आत्या म्हणाली.

“नाही. पण आत तारच आहे. वाद्यांच्या दुकानात म्हणाले, टाकून द्या. माझ्याकडे दुसरी नाही.”

तो एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये गिटार वाजवायचा. डबी त्याच्या इलेक्ट्रिक गिटारची होती. गिटारच्या तारांखाली बसणारा पिकअप. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती गुंडाळलेली तार. वर गिटारची तार थरथरली की त्या थरथरीची वीज होते आणि ती पुढे स्पीकरपर्यंत जाते, असं त्याने समजावलं.

“म्हणजे उलटी मोटार,” आत्या म्हणाली. “आमच्याकडे विजेची हालचाल होते, तुमच्याकडे हालचालीची वीज.”

जिराफ हसला. असं कोणी त्याला सांगितलं नव्हतं म्हणे. मग तो स्टुलावर बसला आणि उठेचना. एका कॉइलचा पिकअप फार स्वच्छ बोलतो, पण हॉलमधले दिवे मंद केले की त्यातून सतत गुणगुण येते, जणू भिंतीतली वीजच गायला लागते. म्हणून लोक दोन कॉइलींचा हमबकर लावतात. दोन्ही कॉइली एकमेकींविरुद्ध जोडलेल्या, त्यामुळे दोघींमधली गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा स्वर तेवढा उरतो.

“दोन जावा एकमेकींवर ओरडल्या की शेजाऱ्याला एकीचंही कळत नाही, तसं,” आजोबा कोपऱ्यातून म्हणाले.

“अगदी तसं,” जिराफ म्हणाला. “पण मोठ्या हमबकरचा आवाज जाड असतो. आमची गायिका गायला लागली की गिटार तिच्याखाली चिखलासारखी पसरते. हा मिनी हमबकर आहे. अरुंद. तारेचा छोटासाच तुकडा ऐकतो, त्यामुळे गुणगुणही नाही आणि चिखलही नाही. एकेक स्वर सुटा ऐकू येतो.”

आत्याने डबी उघडली. दोनपैकी एक कॉइल तुटली होती. तार पाहिल्यावर तिचा चेहराच पडला. मोटारीची तार तिला पाठ होती, पण ही केसाहूनही बारीक. जोरात श्वास सोडला तरी हलायची. तरी ती म्हणाली, “ठेवून जा.”

शेजाऱ्याकडून एक जुनं शिलाई मशीन आणून त्याच्या चाकावर तिने कॉइल भरायला घेतली. पंखा बंद, शटर खाली, आजोबांना खोकायची बंदी. तार चिमटीतून सोडायची. चिमटी घट्ट झाली की तटकन तुटायची, सैल झाली की वेढे घसरायचे. कितीदा तुटली याची गणतीच नाही. एकदा तिने ‘पुन्हा असलं काम घेणार नाही’ म्हणून कानाला खडा लावला आणि चहा पिऊन आली ती परत बसली. शिवाय चांगली असलेली दुसरी कॉइलही तिने उपसली, कारण एक नवी आणि एक जुनी ठेवली तर दोघींचं जुळणार नाही आणि गुणगुण राहील, हे तिने आपलं आपणच ओळखलं होतं. शेवटी वितळलेल्या मेणात बुडवून काढलं, झाकण बसवलं आणि जिराफाच्या हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, “दुपारी सराव आहे. ऐकायला या. तुम्ही केलंय, तुम्हाला ऐकलंच पाहिजे.”

आत्या गेली. हॉल रिकामा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. एक माणूस फरशी पुसत होता. जिराफाने बटण फिरवून गिटारच्या मानेजवळचा, आत्याने भरलेला पिकअप चालू केला आणि हळूच एक सूर छेडला. तो आवाज आत्या मला आयुष्यभर सांगत आली आणि दरवेळी तिला शब्द कमी पडायचे. “काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसा स्वच्छ,” ती म्हणायची, “पण त्या काचेला पोट होतं. आत लाकूड होतं. बाईमाणूस खालच्या पट्टीत हसलं की कसं वाटतं, तसं काहीतरी.” फरशी पुसणारा माणूसही फडकं हातात धरून उभा राहिला. आपल्या हाताने गुंडाळलेली तार असं बोलू शकते, हे तिला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. तिच्या मोटारी नुसत्या फिरायच्या.

मग जिराफाच्या फेऱ्या सुरू झाल्या. आज ह्या मित्राची गिटार, उद्या त्या मित्राची. काही पिकअप तर धडधाकट असायचे. आत्या मीटर लावायची, ठीक आहे म्हणायची आणि तरी तो तासभर बसायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आजोबांना सगळं दिसत होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचे आणि घोरायला विसरायचे.

असं वर्षभर चाललं आणि जिराफाला जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी लागली. मोठं प्रवासी जहाज, देशोदेशी जाणारं. सांगायला आला तेव्हा तो उभाच राहिला.

“जहाजावर मोटारी फार असतात म्हणे,” तो म्हणाला. “पंखे, पंप. दुरुस्तीला माणसं लागतात.”

आत्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबा कपबशी दोन्ही हातांनी धरून तोंडापर्यंत नेत होते आणि निम्मा चहा शर्टावर सांडत होता.

“लागत असतील,” ती म्हणाली.

“तू बघ, म्हणजे… विचार करून.”

“हो.”

बस, एवढंच. त्याने नीट विचारलं नाही, तिने नीट सांगितलं नाही. तो गेला. सुरुवातीला कुठल्या कुठल्या बंदरांची चित्रकार्डं आली, मग तीही थांबली. त्याने तिकडे लग्न केलं, मुलगी झाली, असं कुणाकडून तरी कळलं. त्या दिवशी आत्याने एका पंपाची मोटार उलटी जोडली. पंप पाणी काही केल्या वर चढवेना. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

दुकान चालत राहिलं. हळूहळू मोटारी कमी झाल्या आणि गिटारी वाढल्या. कुणाला गायकाच्या मागे वाजवायला सुटे स्वर हवे असायचे, कुणी गिटारच्या तारेवरून काचेची नळी घसरवत वाजवायचा आणि त्याला त्या घसरणीत धार हवी असायची, कुणाच्या स्टुडिओत दिव्यांची गुणगुण असायची. सगळ्यांना आत्या मिनी हमबकरच सुचवायची. कॉइल भरून झाली की दुकानातल्या लहानशा स्पीकरला गिटार जोडायची. तिला वाजवता येत नसे. एकेक मोकळी तार छेडायची आणि मान कलती करून ऐकायची. सुट्टीत मी तिच्याकडे असायचे. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि आत्या माझ्याकडे बघून म्हणायची, “छान आहे गं. पण तो नाही.”

मी कॉलेजात असताना एकदा तिला विचारलंच, “आत्या, तू त्याची वाट बघतेस का अजून?”

“वाट बघायला वेळ कुठे आहे?” ती म्हणाली. “काम बघ ना केवढं पडलंय.” आणि टेबलावर तेव्हा कामाची एकच वस्तू होती.

आजोबा गेले. आत्याचे केस पांढरे झाले, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर भिंग आलं. आणि एका दुपारी शटरवर डोकं आपटल्याचा आवाज झाला. मी तिथेच होते. आत्या मान वर न करता म्हणाली, “सांभाळून, जिराफ.” आणि मग तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

तो आणखी वाकला होता. बायको वारली होती, मुलगी तिकडेच होती, जहाजाची नोकरी संपली होती. गल्लीपलीकडे त्याने खोली घेतली होती आणि दोन जुन्या सोबत्यांबरोबर एका क्लबात वाजवायला सुरुवात केली होती. सोबत तीच गिटार होती.

“हिचा आवाज मेला गं,” तो म्हणाला. “पूर्वीसारखी बोलतच नाही. सगळं पांघरुणाखालून आल्यासारखं.”

आत्याने मीटर लावला. दोन्ही कॉइली ठणठणीत. स्पीकरला जोडून तिने तार छेडली, आणि मी पहिल्यांदाच तो आवाज ऐकला. काच होती, काचेला पोट होतं. आत्याने डोळे मिटले. तो आवाज तिला परत मिळाला होता, जसाच्या तसा.

“बघ, ऐकलंस ना?” जिराफ म्हणाला. “मेलेला.”

आत्याने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ड्रमवाल्याच्या झांजा त्याच्या कानाशेजारी आदळल्या होत्या. वरचे स्वर त्याला ऐकूच येत नव्हते. मला ते त्याच क्षणी कळलं, तिला तर माझ्याआधी. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्या पायावर पाय दिला.

“ठेवून जा,” ती म्हणाली. “तार जुनी झालीय.”

तो गेल्यावर मी म्हणाले, “आत्या, सांग ना त्याला. कान तपासून घेईल.”

“आत्ताच आलाय. आल्या आल्या काय सांगू, तू बहिरा झालास?”

आवाज त्याच्या कानांना पोहोचायला हवा तर वेढे कमी करायला हवे होते; वेढे कमी की आवाज तीक्ष्ण. म्हणजे आधीची तार काढावी लागणार. तिने संध्याकाळपर्यंत ती गिटार वाजवली, त्याच मोकळ्या तारा, पुन्हा पुन्हा. मग झाकण काढलं, तरुणपणी स्वतःच गुंडाळलेली तार कापली आणि सोडवून टाकली.

नव्या कॉइलीचा आवाज काचेवर नख ओढल्यासारखा होता. माझे दात शिवशिवले. जिराफाने दोन सूर छेडले आणि त्याचा चेहरा उजळला. “हाच! अगं, हाच तो! त्या दिवशी हॉलमध्ये होता तो!”

“हो,” आत्या म्हणाली. “तोच.”

क्लबातला त्याचा ड्रमवाला मित्र तक्रार घेऊन आला. “बाई, काय केलंत हे? लोक कानात बोटं घालतात.” आत्या म्हणाली, “कापूस घाला म्हणावं.”

हे फार दिवस टिकणारं नव्हतंच. जिराफाची मुलगी भेटायला आली, बापाशी दोन वाक्यं बोलली आणि तडक त्याला कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. कानात यंत्र बसलं. घरी येऊन त्याने गिटार उचलली, एक सूर वाजवला आणि यंत्र उपटून फेकलं. मग यंत्र शोधून परत घातलं आणि दुकानात आला.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला. “सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे?”

तो जुन्या स्टुलावर बसला. म्हणाला, “तेव्हाही मी विचारलं नाही, ना?”

“नाही.”

“विचारलं असतं तर आली असतीस?”

आत्या चष्मा पुसत राहिली. “बाबांना सोडून नसते आले,” ती म्हणाली. “पण विचारलेलं आवडलं असतं.”

त्याने गिटार टेबलावर ठेवली. “पहिल्यासारखी भरून दे.”

“पहिल्यासारखी आता होणार नाही. तेव्हा मला येत नव्हतं. तार कुठे घट्ट गेली, कुठे सैल, तो आवाज त्या गोंधळाचा होता. आता हात सरळ जातो. मुद्दाम वाकडा जात नाही.”

तरी तिने तिसऱ्यांदा भरली. चांगली झाली. स्वच्छ, सुटी, खाली अंग असलेली. जिराफाने वाजवली आणि दोघांनी ऐकली.

“वेगळी आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“वाईट नाही.”

“नाही.”

दोन-तीन वर्षं तो रोज चहाला येत राहिला. गल्लीतल्या लोकांनी त्यांचं लग्न लावून द्यायचा चंगच बांधला होता, पण ते दोघे नुसते हसायचे. मग त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्याला आपल्याकडे घेऊन गेली. यावेळी त्याने जाण्याआधी आत्याला नीट विचारलं, माझ्यासमोर. आत्या म्हणाली, “आता ह्या वयात मला तिकडची थंडी सोसायची नाही रे.” रिक्षा वळेपर्यंत ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

आता तो रविवारी फोन करतो. बोलणं थोडंच होतं. मग तो फोन टेबलावर ठेवतो आणि वाजवतो. मी एकदा ऐकलं. फोनमधून ना काच येते ना लाकूड, नुसती खरखर येते. कुठलीही गिटार असती तरी तशीच वाटली असती. आत्या शटर अर्धं ओढून, फोन कानाशी घट्ट धरून, मान कलती करून बसते. वाजवून झालं की तो विचारतो, “येतोय का गं आवाज?”

“येतोय,” आत्या म्हणते. “अजून थोडं वाजव.”