पास झालेले कान

बातमी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या फोनवर आली. मी पत्रकांना घड्या घालत होते, आवाजाविरुद्धची आमची नेहमीची पत्रकं. वामनअण्णा गेले. आनेकल रस्त्यावर ते कामाला होते त्या कारखान्यात, आवारात मागे येणाऱ्या ट्रकखाली. ट्रक मागे घेताना वाजते ती चिरकी धून वाजत होती, सगळ्यांना ऐकू आली, असं फोनवरचा माणूस दोनदा म्हणाला. सगळ्यांना! अण्णा का हलले नाहीत ते मला माहीत होतं. दोन महिने मी गप्प बसले.

आमची ओळखच भांडणातून झाली. बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत त्यांचा रेडिओ एवढा मोठा लागायचा, की एक दिवस मी पत्रक घेऊन दारात उभी राहिले. “अण्णा, आवाज कमी करा!” ते हसून म्हणाले, “सरी, सरी.” सरी म्हणजे बरं, तीन पिढ्या इथं काढलेल्या त्या मराठी घरात हा कन्नड शब्द मुरलेला. रेडिओ मात्र होता तसाच. ऐकू आलं नाही की अण्णा सरी म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची बायको, शांतक्का, करवादायची, “माझंच तेवढं ह्यांना ऐकू येत नाही. भाऊजींचं बरोबर येतं!” भाऊजींचा आवाज खर्जातला होता, एवढंच. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपाशी अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तसल्या दणक्यात कानाच्या आतल्या बारीक केसांपैकी वरचे, चिरके सूर टिपणारे आधी मरतात, आणि पुन्हा उगवत नाहीत. मग कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यात कान लबाड! आवाजाची ताकद दहापट झाली तरी तो जेमतेम दुप्पट झाल्याचं सांगतो. म्हणून प्रेसपाशी उभा माणूस म्हणतो, “स्वल्प जास्त आहे, चालतं.” असला सोशीक कान मालकाला फुकटात मिळतो.

मग कारखान्यात कानांची तपासणी निघाली. नापास होईल त्याला घरी बसवणार, अशी कुजबुज होती. आणि मला अण्णांचा तो नापासाचा कागद हवा होता, पत्रकावर छापायला. खोटं कशाला बोलू? एका संध्याकाळी ते आले. “ते मशीन कसं चालतं गं? सांग बघू.” मी मन लावून शिकवलं. कानात एकेक सूर येतो, आधी खालचे, मग वरचे. प्रत्येक सूर हळू हळू होत विझतो. ऐकू आला की बोट वर करायचं. वाटलं, घाबरलेत बिचारे... चार दिवसांनी त्यांनी मला मैसूरपाक खायला वर, त्यांच्या घरी बोलावलं. “पास!” तपासणाऱ्याच्या मागे काचेचं कपाट होतं. सुराचं बटण दाबताना त्याचं कोपर काचेत हललेलं दिसलं, की अण्णांचं बोट वर.

“माझं पत्रक बुडवलंत तुम्ही!”

“तुझ्या पत्रकावर माझी चूल पेटते का गं?”

मी ताडकन उठले. पाठ फिरवून जिना उतरता उतरता म्हणाले, “मग मरा त्या आवाजात!”

वरून उत्तर आलं, “सरी, सरी.”

ऐकलं होतं का त्यांनी?... ते आमचं शेवटचं बोलणं.

बाराव्याला मॅनेजर आला, तपासणीचा कागद घेऊनच. “कान नॉर्मल होते, अक्का. लक्ष नव्हतं त्यांचं.” कानात घालायला कधी कापसाचा बोळा न देणारा माणूस मेलेल्याला बेफिकीर ठरवून गेला, आणि ते ठरवायचा कागद माझ्या शिकवणीतून आलेला. मी तोंड उघडणार, तोच शांतक्कानं माझा हात दाबला. “ह्यांना बहिरे म्हणून छापू नकोस हं. लोक हसतील.”

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले. रेडिओच्या बटणाशी अण्णांनी पेन्सिलनं खूण करून ठेवलीय, त्यांना पुरेल एवढ्या आवाजाची. शांतक्का अजून तिथपर्यंतच बटण फिरवते. खिडकीची तावदानं थरथरतात. ती माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. मी बोलून टाकलं, “अक्का, मी सगळं लिहिणार आहे. बहिरेपण, ते कपाट, मी शिकवलं ते... नाहीतर तो कागदच खरा ठरेल.”

तिनं मान वळवली नाही.

“सरी,” ती म्हणाली, “सरी.”

मी रेडिओ कमी केला नाही, पुन्हा विचारलंही नाही. घरी येऊन हे लिहायला बसले.