हलका क्लच

गाडी बघायच्या आधी मिस्त्री माणसाचा हात बघायचा. सव्वीस वर्षं क्लच खोलणाऱ्याला तेवढा माज शोभतो म्हणा! गिऱ्हाईक रडत यायचं, "रेस दिली की आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही." मिस्त्री त्यालाच गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारायला लावायचा आणि त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहायचा. बोटं सदानकदा लिव्हरवर टेकलेली. "अर्धा क्लच दाबून चालवतोस, प्लेटा जळणार नाहीत तर काय? खोट गाडीत नाही, हातात आहे!" हे वाक्य इतकं ठरलेलं, की शेजारचा पंक्चरवाला त्याच्या आधीच ते बोलून मोकळा व्हायचा.

बायको शिवणकाम करायची. शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे मोटरसायकलला बांधून दुकानोदुकानी स्वतः पोचवायची. गाडी तिला त्यानेच शिकवली आणि महिन्याभरात पस्तावला, कारण ती त्याच्यापेक्षा जोरात हाणायची. "मला घरात कोंडलंत तर चार दिवसांत मरेन," असं ती हसत म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

एक दिवस ती म्हणाली, "अहो, क्लच जड झालाय."

मिस्त्री ओशाळला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच दिवशी त्याने नवी केबल टाकली. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "अजून जडच लागतोय हो." मग त्याने केबलचा बाक बदलला, लिव्हर बदलली, प्लेटा बदलल्या. शेवटी तर इतरांना ज्यासाठी शिव्या घालायचा तेच केलं. मूळच्या स्प्रिंगा काढून डब्यात टाकल्या आणि लहान गाडीच्या नरम स्प्रिंगा बसवल्या. "घे, आता एका बोटाने दाब!" तिने चार बोटांनी, ओठ आवळून दाबला आणि म्हणाली, "हो, बरा आहे आता." मिस्त्रीचं लक्ष गाडीकडे होतं.

तिला बरणीचं झाकण उघडेना, तेव्हा तो म्हणाला, आटे गेलेत. शिवताना कापड डाव्या हातातून निसटायला लागलं, तेव्हा त्याने शिलाई मशीनला तेल घातलं. काय म्हणावं या माणसाला! घरातल्या वस्तू न् वस्तू खोलून पाहिल्या, बायकोचा हात तेवढा हातात घेऊन पाहिला नाही.

असे आठ महिने गेले. मग एका सिग्नलला, गाडी गिअरमध्ये असताना, लिव्हर तिच्या हातातून सुटली. गाडीने उडी मारली आणि ती पडली. खरचटण्यावर निभावलं. मिस्त्री धावत गेला आणि सवयीने आधी क्लच दाबून पाहिला. करंगळीने दाबला गेला. तो तिथेच रस्त्यावर उकिडवा बसला आणि आपली दोन बोटं तिच्या डाव्या मुठीत दिली.

"दाब."

तिने दाबली.

"अगं, दाब ना!"

"दाबतेय अहो."

अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये जिथे मांस हवं, तिथे खळगा पडला होता.

कोपरापाशी शीर दबली आहे, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनने पुढचं थांबेल, पण वाळलेलं परत भरेल असं वाटत नाही. सुरुवातीलाच आला असतात तर हात वाचला असता.

बाहेरच्या बाकावर मिस्त्री तिच्यावरच भडकला. "एकदा तरी म्हणायचं होतंस, हाताला काही होतंय म्हणून!"

"दुखत कुठे होता? नुसत्या मुंग्या यायच्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही म्हणालात केबल, मग म्हणालात प्लेटा. मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे गाडीतच असेल."

मिस्त्री बाकावरच्या चार अनोळखी माणसांसमोर तोंडात रुमाल कोंबून रडला.

ऑपरेशन झालं. हात होता तसाच राहिला. कपडे पोचवायला दुसरा माणूस ठेवला, आणि ती दिवसचे दिवस खिडकीपाशी बसू लागली. एके सकाळी तीच म्हणाली, "विका ती गाडी. दारात उभी बघवत नाही." मिस्त्रीने डब्यातून जुन्या स्प्रिंगा काढल्या, पुसल्या आणि परत बसवल्या. क्लच पहिल्यासारखा झाला. तो कधी जड नव्हताच.

घ्यायला एक शाळामास्तर आले. चक्कर मारून आले, क्लच दोन-तीनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगा. इतकी चांगली गाडी कोणी उगाच विकत नाही. खोट काय आहे?"

पंक्चरवाल्याने मान खाली घातली. बायको डावा हात उजव्या हातात धरून दारात उभी होती.

"गाडीत काही खोट नाही," मिस्त्री म्हणाला. त्याने फडका उचलला आणि पुसलेलीच टाकी परत पुसायला घेतली.

"खोट हातात आहे, मास्तर," ती दारातून म्हणाली. "गाडी बिनधास्त न्या."

आणि पायरी उतरून तिने उजव्या हाताने चावी पुढे केली.