निमित्ताचा कोट

माणूस दमला की त्याला देवाचा राग येतो म्हणतात. मोठीला देवाचा आला नाही, पाळकसाहेबांचा आला. ते नवे होते, तरुण होते, गुडघे शाबूत होते, त्यामुळे टाचा उचलून उपदेश करायचे. त्या रविवारी त्यांनी सगळ्या मंडळीला कामाला लावलं. "देव आपल्यापुढे संधी आणून ठेवतो आणि आपण तिला ओळखत नाही. या महिन्यात प्रत्येकाने एक तरी संधी ओळखायची, तिला हो म्हणायचं आणि इथे उभं राहून साक्ष द्यायची." मंडळी आमेन म्हणाली. मोठीही म्हणाली, पण मनात म्हणाली, घ्या, आता रविवारीसुद्धा घरचा अभ्यास.

मोठी म्हणजे घरातली थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला चांगलं नाव होतं. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सासूबाईंनी आपल्या सोयीसाठी दोघी सुनांची मोठी आणि धाकटी करून टाकली. पुढे तिच्या गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. तिचं शिवणाचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. रस्त्यावरून चार पायऱ्या उतरायच्या, की डोकं सांभाळून आत. एक मशीन, एक दिवा, एक स्टूल आणि भिंतभर टांगलेले लोकांचे कपडे. नवं कापड तिच्याकडे कुणी आणत नसे, ती फक्त अल्टरची कामं करायची. कुणाचं पोट सुटायचं, कुणाचं उतरायचं, थोरल्याची पँट धाकट्याच्या मापाची व्हायची. लोकांची अंगं बदलायची आणि मोठीची पाठ मोडायची.

दमणं हे तिचं जुनंच दुखणं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सगळं तिनेच काढलं होतं. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, भरवलेलं उलटलं की पुन्हा पुसणं. वर्षानुवर्षं तिला सलग झोप माहीत नव्हती. आणि एका दुपारी ती तासभर दुकानात गेली, परत आली तो सासूबाई गेल्या होत्या. दफनाच्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर धाकटी रडत रडत म्हणाली, "आईंना एकटं मरू दिलं." बस्स. इतकी वर्षं केलं त्याला एक ओळ नाही, आणि गेलेल्या एका तासाचा असा डांगोरा.

त्या दिवशी मोठीने कानाला खडा लावला. पुन्हा कुणाच्या अंथरुणाशी बसायचं नाही, आणि त्या घराचं नाव या घरात काढायचं नाही. नवरा गरीब गाय. तो भावाला बाहेरच्या बाहेर भेटायचा आणि घरी येऊन हवेबद्दल बोलायचा. चर्च तेवढं एकच राहिलं, पण मोठी सकाळच्या उपासनेला जायची आणि धाकटी संध्याकाळच्या. एकाच देवाची वेळ दोघींनी वाटून घेतली होती.

तर मोठी संधी शोधायला लागली. काम दिलंय ना, मग उरकून टाकू, हा तिचा स्वभाव. शेजारच्या बाईला तिने ताजा पाव नेऊन दिला. बाईने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "शिळा आहे का हो?" बसथांब्यावर एका म्हाताऱ्याच्या हातातली जड पिशवी धरायला गेली, तर त्याने चोर चोर म्हणून असा गलका केला की मोठीला बस सोडून चालत घरी यावं लागलं. ती नवऱ्याला म्हणाली, "देवाने संधी द्यायची तर जरा सरळ तरी द्यावी."

"देईल," नवरा म्हणाला. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण तो बोलला नाही.

त्याच आठवड्यात, ती दिवा मालवायच्या बेतात असताना, चार पायऱ्या उतरून धाकटी दारात उभी राहिली. हातात राखाडी कोट. धाकटी स्टुलावर टेकली आणि बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली.

"कोट जरा आत घ्यायचा होता," ती म्हणाली.

मोठीने टेप उचलली. "तुम्हाला कधी हवाय?"

जिला ती पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करत आली, तिला आज तुम्ही म्हणाली. धाकटीने ते ऐकलं आणि मान खाली घातली. मोठीने माप घेतलं. हाताला बरगड्या लागल्या. हल्ली बायकांना बारीक व्हायचं खूळच लागलंय, असं ती स्वतःशी म्हणाली आणि खडूने खुणा केल्या. "शनिवारी न्या." आणखी एक शब्द नाही. धाकटी पायऱ्या चढून गेली, दर पायरीला भिंतीला हात लावत. मोठीने ते पाहिलं आणि मग मुद्दाम मशीन पुसायला घेतलं.

पुढच्या खेपेला धाकटीने कोट नेला आणि निळा झगा ठेवला. तोही आत घ्यायचा होता. या वेळी ती उठेना. कपड्यांच्या रांगेकडे बघत म्हणाली, "ताई, जरा बोलायचं होतं..." मोठीने पायाखालचा पेडल दाबला. मशीनचा असा काही खडखडाट झाला की बोलणं शक्यच नव्हतं. मशीनवर कापड होतं, पण सुईत दोरा नव्हता. मोठी नुसत्या सुईनेच भोकं पाडत बसली होती. तिने मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी प्रार्थनेची बैठक होती. मोठीची पाळी आली तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले आणि मनापासून मागितलं, "प्रभू, महिना संपत आला. मला एखादी तरी संधी दाखव. मी दमलेली बाई आहे, मला फार लांब पाठवू नकोस." बाकीच्या बायका आमेन म्हणाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच, पण वळसा घालणाऱ्याला हे सांगणार कोण?

तिसऱ्यांदा धाकटी आली ती भर दुपारी, आणि पुन्हा तोच राखाडी कोट घेऊन. आता मात्र मोठीचा पारा चढला. कोट उलटा केला तर आतल्या घडीला तिचेच पांढरे कच्चे टाके तसेच्या तसे. ते टाके गिऱ्हाइकाने पहिल्यांदा घालताना ओढून काढायचे असतात. कोट एकदाही अंगाला लागलेला नव्हता.

"घालायचाच नव्हता तर शिवायला कशाला टाकलात?" मोठी म्हणाली. "मला दुसरे धंदे नाहीत? डोळे फुटायची वेळ आली आणि तुम्हाला खेळ सुचतात?"

"खेळ नाही, ताई."

"मग काय?"

"यायला काहीतरी निमित्त हवं होतं." धाकटी स्टुलावर बसली. "नुसती आले असते तर तुम्ही दार लावलं असतं. गिऱ्हाईक म्हणून आले तर निदान माप तरी घ्याल, असं वाटलं. संध्याकाळच्या उपासनेतही पाळकसाहेबांनी तेच सांगितलं होतं. संधी ओळखा म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे फार वेळ नाही, मला शोधत बसायला नको. माझी कुठे आहे ते मला माहीत होतं."

मोठीच्या हातात कोट तसाच राहिला. आता तिने धाकटीकडे नीट पाहिलं, जसं आधीच्या दोन खेपांत एकदाही पाहिलं नव्हतं. गालफडं बसलेली, डोक्याला रुमाल, त्याखाली केस नव्हतेच. हे दिसायला टेप लागत नाही. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" तिने विचारलं.

"गोड बोलतात." धाकटी जराशी हसली. "गोड बोलायला लागले की समजायचं."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"मी जे दफनाच्या दिवशी बोलले ते परत घ्यायला आले होते," धाकटी म्हणाली. "तेव्हा मी आईंकडे रविवारी यायचे, तासभर बसायचे, उशी नीट करायचे आणि जायचे. मला काय कळणार? आता मी पडून असते. हे रजा काढून माझ्यापाशी बसतात. काल मी त्यांना ओरडलेच. म्हटलं, जा हो जरा बाहेर, चहा प्या, माणसांत जा, सारखं माझ्या तोंडाकडे बघू नका. आणि ते गेल्यावर इतकं बरं वाटलं, ताई. मग एकदम मनात आलं. त्या दिवशी आईंनीच तुम्हाला जा म्हटलं असेल. हो ना?"

इतक्या वर्षांत हे मोठीला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मंडळीतल्या कुणी नाही. लोकांनी एक तर दोष दिला, नाहीतर माफ केलं. विचारलं कुणीच नाही.

"हो," ती शेवटी म्हणाली. "म्हणाल्या, ऊठ गं बाई, डोळ्यासमोरून जरा हल, दुकान उघड. मला म्हणे शांतपणे झोपू दे. मी पडत्या फळाची आज्ञा मानून निघालेच. मला आनंद झाला होता गं. तोच मला इतकी वर्षं..." मग ती कोट तोंडाशी धरून रडली, आणि धाकटीने कोटाची बाही धरली, कारण तिच्या हाताला तेवढीच लागत होती.

बोलणं झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. धाकटीने जाता जाता सहज सांगितलं की दिराची रजा संपली, सोमवारपासून दुपारी ती एकटीच असेल, एखादी बाई मिळतेय का बघताहेत. तिने काही मागितलं नव्हतं. पण मोठीला ते सगळं आठवलं. भांडं, पुसणं, वास, ओल्या चादरी. आणि आपण कानाला खडा लावला होता तेही.

घरी येऊन ती नवऱ्यावर उखडली. "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हणाली होतीस, त्या घराचं नाव काढायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बायकोला बरोबर उत्तर दिलं होतं, आणि त्याचंच तोंड एवढंसं झालं.

ती अंथरुणावर पडून देवाशी भांडली. प्रार्थना केली असं म्हणणं खोटं ठरेल. मी हलकं काहीतरी मागितलं होतं, ती म्हणाली. पाव द्यायचा, पिशवी धरायची. तू तेच काढलंस, जे एकदा करून माझी पाठ मोडली. दुसरी कुणी नव्हती? मंडळीत एवढ्या धडधाकट बायका आहेत, टाचा उचलून गातात. देवाने काही उत्तर दिलं नाही. बहुतेक त्याला जे बोलायचं होतं ते तीन वेळा पायऱ्या उतरून बोलून झालं होतं.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? बरेच हात वर गेले. कुणी हरवलेला कुत्रा शोधून दिला होता, कुणी दूरच्या मावशीला फोन केला होता. मोठी बसून राहिली. सांगण्यासारखं अजून काही केलेलं नव्हतं, आणि करावंसं वाटत होतं असंही नाही. मनात उत्साह येईल म्हणून तिने उपासना संपेपर्यंत वाट पाहिली. तो आला नाही. तेव्हा तिने ठरवलं की त्याच्याशिवायच जायचं.

सोमवारी दुपारी तिने दुकानाला कुलूप लावलं आणि धाकटीच्या घरी गेली. दार उघडंच होतं. धाकटी पलंगावर होती, उशी घसरलेली, पाण्याचा पेला हाताला येणार नाही इतका लांब.

"आलात?" धाकटी म्हणाली.

"आले. जास्त बोलू नकोस." मोठीने बाह्या वर केल्या. चादर बदलली, तिला कुशीवर वळवलं, पाठ कोमट पाण्याने पुसली, भांडं धुऊन आणलं. हात काहीच विसरले नव्हते. कंबर मात्र प्रत्येक वेळी आठवण करून देत होती. धाकटी पातळ खिमट चार घास खाऊन पुरे म्हणाली. मोठीने आग्रह केला नाही, आग्रहाने काय होतं ते तिला माहीत होतं.

सगळं आवरल्यावर ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. जरा टेकते, म्हणाली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. धाकटी काहीतरी जुनं सांगत होती, सासूबाई दोघींना एकमेकींच्या चुगल्या कशा सांगायच्या ते. मोठीने हो हो म्हटलं, एकदा हसलीही, आणि मग तिची मान खाली गेली.

तिला अर्धवट जाग आली ती दार वाजल्याने. दीर कामावरून परतला होता. त्याचा आवाज आला, "वहिनी आल्यात? अगं, तुझं औषध..."

"हळू बोला," धाकटी म्हणाली. आवाज अगदी खोल गेलेला होता, पण दटावल्यासारखा. "मी घेतलं माझं मी. तिला उठवू नका. दमलीये ती."

मोठीने डोळे उघडले नाहीत. कुणीतरी पायातले जोडे काढून हळूच ठेवल्याचा आवाज झाला, आणि ती पुन्हा झोपली.