पुढच्या रांगेतली खुर्ची

"मच्छीवाल्यांका मागची लिफ्ट," वॉचमन म्हणाला.

आईच्या हातात मच्छी नव्हती. स्टीलचा डबा होता. डब्यात फुगे होते, मढच्या आमच्या ख्रिस्ती घरांत नाताळला मैद्याचे गोल तळतात ते. अंगावर सणाची साडी, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं, केसांत वेणी. पण वॉचमन मालवणचा, रविवारी आईकडूनच बांगडे घेणारा. वर्सोव्याच्या बाजारात टोपलीमागे बसणारी बाई त्याने सणाच्या साडीतही ओळखली.

"ही पाहुणी आहे," मी म्हणाले. "माझी आई."

"गो बाय, माका कित्याक बोलतंस? वरसून सांगलेला आसा. तू तरी खयच्या लिफ्टीन जातंस?"

तो खरं बोलत होता. मीही मागच्याच लिफ्टने जायचे. कचऱ्याच्या पिशव्या, गॅसचे सिलिंडर, कामाच्या बाया आणि देवाचा शब्द घेऊन मी.

मी मिशनरी होते. सिस्टर नव्हे. व्रत घेतलेलं नव्हतं, पण काम चर्चचं. अंधेरीच्या टॉवरांमध्ये कंपन्यांच्या नोकरीसाठी आलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबं राहतात. कुणी मेक्सिकोचं, कुणी पेरूचं, कुणी कोलंबियाचं. त्यांच्या सेवेसाठी मला नेमलं, कारण मला स्पॅनिश येत होतं. ते मला क्लास लावून कुणी शिकवलं नाही. बोरिवलीच्या हॉस्टेलात एक म्हातारी स्पॅनिश सिस्टर अंथरुणाला खिळली होती. तिला पुसणं, भरवणं, कूस बदलणं माझ्याकडे आलं. बाकीच्या मुलींना वास यायचा. मी मच्छीच्या वासात वाढलेली, मला काय येणार. ती माझ्यावर खेकसायची, मी तिला उलट बोलायचे. भांडता भांडता भाषा आली.

टॉवरात माझा दिवस मुलांच्या प्रार्थनेने सुरू व्हायचा. मग धर्मशिक्षणाचा वर्ग. दुपारी कुणी आजारी असेल तर दवाखाना. कुणा बाईचं माणूस तिकडे तिच्या देशात वारलं असेल तर तिच्याजवळ बसून जपमाळ. एवढं माझं काम. पण मला भाव करता येतो हे त्यांना कळलं आणि दुसरंच काम वाढत गेलं. घरमालकाशी भाडं, सुताराशी मजुरी, पापलेटचा दर, सगळ्याला मी. एकदा पेरूच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. मी तिचा हात धरून बसले होते. नवऱ्याने दारातून डोकं घातलं आणि मला विचारलं, एसीवाल्याशी बोललीस का?

या सगळ्यांत वजनदार सेन्योरा एलेना. मेक्सिकोची. वर्ग तिच्याच दिवाणखान्यात भरायचा. मला ती नावाने हाक मारत नसे. 'नीन्या' म्हणायची, म्हणजे पोरी. कामवालीलाही नीन्याच. हाक आली की आम्ही दोघी एकदम वळायचो.

मागची लिफ्ट पहिल्या दिवशी तिनेच दाखवली. सोसायटीचा नियम आहे, म्हणाली. मी बाजारातली. मला वाटलं, हा पहिला भाव. पहिला भाव कोण मानतं? थोडे दिवस काम दाखवू, मग चढवू. वर्ष गेलं. भाव तिथेच.

डिसेंबरात पोसादा ठरला. ही मेक्सिकोची रीत. गरोदर मरिया आणि योसेफ आसऱ्यासाठी दारोदार फिरले, त्याची आठवण. अर्धे लोक मेणबत्त्या घेऊन दाराबाहेर उभे राहतात आणि गाण्यातून आसरा मागतात. अर्धे आत बसून गाण्यातूनच नाही म्हणतात. कोण कुठले तुम्ही, चालते व्हा. शेवटी बाहेर कोण उभं आहे ते आतल्यांना कळतं आणि दार उघडतं. मुलांना ते गाणं मी बसवलं होतं. एलेना खूश होती. "तुझ्या आईलाही आण," ती स्वतः म्हणाली.

आईने माझं काम कधी पाहिलं नव्हतं. बाजारात बायका तिला विचारायच्या, पोरगी करते तरी काय गो? ना लग्न, ना धड पगार, ना सिस्टरचा झगा. आईला उत्तर देता यायचं नाही. त्या संध्याकाळी तिने ते उत्तर डोळ्यांनी बघावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून गेटवर मी हटले नाही. इंटरकॉम लावला. "आम्ही दोघी पुढच्या लिफ्टने येतोय," एलेनाला सांगितलं.

"नीन्या, आज पाहुणे आहेत. तू पुढून ये, मुलं खोळंबलीत. आईला मागून येऊ दे. आजच्या दिवस."

"मग तिला दिवाणखान्यात खुर्ची. पुढच्या रांगेत."

"नक्की. माझ्या शेजारी."

सौदा झाला. एक लिफ्ट सोडली, एक खुर्ची मिळवली. मला वाटलं, जिंकले. आईला म्हटलं, "आये, तू मागून जा. वर तुझी खुर्ची ठेवलीय."

"मना काय, मी कुठूनपण जाईन," आई म्हणाली आणि डबा छातीशी धरून इमारतीच्या मागे गेली.

वर दार बंद झालं. बाहेर मी आणि मुलं, हातात मेणबत्त्या. मुलांनी आसरा मागितला. आतून सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं. छान सुरात. मुलांनी पुन्हा मागितला. पुन्हा नाही. मी मनात म्हणत होते, आई आत बसून ऐकतेय. तिला शब्द कळणार नाहीत, पण मुलं माझ्याकडे बघून गातायत हे दार उघडल्यावर दिसेल.

दार उघडलं. टाळ्या. एलेनाच्या शेजारी खुर्ची होती. तिच्यावर कुणाची तरी पर्स ठेवलेली.

आई स्वयंपाकघरात होती. जमिनीवर. सणाची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, समोर वर्तमानपत्र, त्यावर कोळंबीचा ढीग. हात मनगटापर्यंत भिजलेले. तिचा डबा वॉशिंग मशीनवर, झाकणही न काढलेला. बाहेर आसऱ्याचं गाणं चाललं होतं तेव्हा ती इथे कोळंबी सोलत होती.

"आये, ऊठ."

"थांब गो. एवढी सोलून होऊं दे. त्या कामाच्या पोरीला जमंना."

मागे एलेना येऊन उभी राहिली. "तिने स्वतःहून हात लावला, नीन्या. मी फक्त मोडक्या हिंदीत म्हणाले, कोळंबी सोलायची राहिलीय. तिला तर सवय आहे."

"खुर्ची ठरली होती."

"खुर्ची काय पळून जातेय? सोलून झालं की बसेल. आता तमाशा नको. मुलं बघतायत."

"बघू देत. गाण्यात आत्ताच दार उघडलंत ना? कुणासाठी उघडलंत?"

आईच बोलली. मला, आमच्या बोलीत, दबक्या आवाजात. "माझ्या हातांची लाज वाटतं तुला?"

असा घाव मला एलेनाकडूनही बसला नव्हता. मी खाली बसले. "तुझ्या हातांची नाही, आये. ते फुकट मागणाऱ्यांची."

आईने हातातली कोळंबी वर्तमानपत्रावर ठेवली, ती उठली, हात धुतले. मी डबा घेतला. दिवाणखान्याच्या मधून, सगळ्यांच्या देखत, तिला पुढच्या दाराने बाहेर नेलं आणि पुढच्या लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टमध्ये भिंतभर आरसा होता. आईने त्यात बघितलं नाही. हात पदराखाली घेतले.

मढच्या बोटीत तिने डबा माझ्याकडून घेतला आणि मांडीवर धरला.

सकाळी बाजारात मी तिची टोपली उतरवत होते. शेजारच्या बाईने विचारलं, "काय गो, कसा झाला पोरीचा कार्यक्रम?"

आई बर्फ फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "झकास. पयल्या रांगंला बसवलं मना."

गिऱ्हाईकाने दिवसभर पिळलं तरी आई भाव सोडत नाही. लोक तिला वचकतात. अशा बाईने माझ्यापायी खोटं बोलून माझी अब्रू झाकली. तिथे, बर्फाच्या पाण्यात उभी असताना मला कळलं की मी फसले ते खुर्चीपाशी नाही, गेटपाशी. मीच आईला मागे पाठवून बदल्यात काहीतरी मागितलं होतं. जे विकायचंच नव्हतं, त्याचा मी भाव केला होता.

त्याच आठवड्यात फादरांनी बोलावलं. भले माणूस आहेत. चहा मागवला. "बेटा, या कुटुंबांच्या देणग्यांवर मिशन चालतं. एक सॉरी म्हणून टाक. देवाच्या कामात थोडं अॅडजस्ट करावं लागतं."

"कुणी करायचं, फादर? दर वेळी मीच?"

"नाहीतर मला तुला काढावं लागेल."

"काढा."

त्यांनी काढलं. मुलांचा निरोपही घेता आला नाही. त्या मुलांची मला आजही आठवण येते. टॉवरकडे पाहिलं की रागाच्या आधी तीच आठवतात. पण राग जात नाही, आणि मी तो घालवणारही नाही.

पुढच्या डिसेंबरात एलेनाचा फोन आला. गाणं बसवायला कुणी मिळेना. "मुलं तुझं नाव घेतात," म्हणाली. नाव. तो शब्दच तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"माझ्या आईला फोन करा," मी म्हणाले. "तिची माफी मागा. मग पुढच्या लिफ्टने तिला न्यायला खाली या. तुम्ही स्वतः."

"पुढची लिफ्ट चालेल," ती लगेच म्हणाली. "दोघींनाही. पण माफी... तिला कशाला उगाच आठवण करून द्यायची? तिने कधीच सोडून दिलं असेल. काहीतरी मधलं काढू या."

पोसादात शेवटी दार उघडतं, कारण गाण्यात तसं आहे. मी फोन ठेवला. यंदाही तिचा फोन येईल. मुलांची नावं घेतील, देवाचं नाव घेतील, फादरांना मधे घालतील. मी नाहीच म्हणणार. एलेना आईसमोर येऊन उभी राहीपर्यंत, नाही.