बोटांनी ऐकणारे आतोबा

“सोड दावं म्हणतो ना. सोड. ह्यो बैल माझ्या वाट्याचा हाय.”

“आन मी काय एका बैलावर पेरू? दुसरीकडून तू जुंपून घेणार का सोताला?”

धावडा गावचे दोघे सख्खे भाऊ भोकरदनच्या बैलबाजारात एका दाव्याची दोन टोके धरून असे ओरडत होते, की चार कोसांवरच्या म्हशींनी त्या दिवशी पान्हा चोरला. भोवती शंभर माणसे जमली होती आणि शंभरही सल्ला देत होती. तेवढ्या गलबल्यात एकच माणूस लिंबाच्या बुडाशी उपरणे मांडीवर पसरून गप्प बसला होता. ते आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. निजामाच्या अख्ख्या मुलखात त्यांच्याइतका गप्प माणूस झाला नाही. हे मी पैजेवर सांगतो, आणि मी कमी बोलतो असा आरोप माझ्यावर कोणी केलेला नाही.

आतोबा धंद्याने बैलांचे दलाल. बाजारात तोंडाने भाव बोलायचा नाही हा आमच्याकडचा रिवाज. दलालाच्या उपरण्याखाली हात घालायचा, बोटे दाबून आकडा सांगायचा. तो आकडा दलाल दुसऱ्या हाताने पलीकडच्याला पोचवणार. चारचौघांना काही कळत नाही आणि कुणाची अब्रू जात नाही. इतर दलाल खाली बोटे दाबत आणि वर तोंडाचा पट्टा चालू ठेवत. आतोबांचे वर काहीच नसे. पण त्यांची बोटे अशी तयार होती म्हणतात, की बैलाचा भाव ठरता ठरता ते समोरच्याच्या सासऱ्याचा दमा कसा आहे तेही विचारून घेत.

आवाजाशी त्यांचे जुने वैर होते. दारांच्या बिजागऱ्यांना ते आठवड्याला तेल पाजत. बैलांच्या गळ्यात घुंगरू नाही, पोळ्यालासुद्धा नाही. गाडीच्या आसाला वंगण इतके, की गाडी शेजारून गेली तरी माणसाला वारा आल्यासारखे वाटे. एकदा नाक्यावरचा शिपाई डुलकी घेत होता आणि आतोबांची गाडी जकात न देताच पार झाली. अर्ध्या कोसावर ते ध्यानात आल्यावर प्रामाणिक माणूस परत फिरला. पण शिपायाला हाक मारून उठवायचे कसे? दोन तास शेजारी उभे राहिले. शेवटी शिपाई आपणहून जागा झाला आणि समोर हा पुतळा बघून त्यानेच किंकाळी फोडली. घरी एक कोंबडा होता, तोही पुढे पुढे आरवेनासा झाला. उजाडले की नुसता आतोबांच्या खाटेपाशी येऊन उभा राही.

संसार मात्र सुखाचा, कारण दोघांचे बोलणे आत्या एकटी उरकी. “ह्यांच्याशी भांडायचं म्हंजे भिंतीशी भांडल्यावानी,” ती म्हणे. “भिंत तरी कवातरी पडती.”

बाजाराचा दिवस सोडला तर रोज दुपारी जेवण झाले की आतोबा मळ्यात जात. तिथल्या जुन्या विहिरीचे पाणी आटून मोट बंद पडली होती. मोटेचे बैल ज्या उतरणीवरून खाली जात, त्या धावेवर ते एकटे बसत, ऊन कलेपर्यंत. गावाने नाना तर्क केले. कुणी म्हणाले विहिरीत मोहरांचा हंडा आहे, कुणी म्हणाले जांबेच्या एका साधूने मंत्र दिला आहे. छडा लावायचा म्हणून मी एकदा तुरीत दडून बसलो. दीड प्रहरात आतोबांनी गुडघ्यावरचा एक मुंगळा उचलून खाली ठेवला, बस्स. मी कंटाळून निघणार तोच ते मान न वळवता म्हणाले, “तुरीत साप असतो.”

मी जो उडालो तो थेट त्यांच्याजवळ जाऊन पडलो. पडल्या पडल्या विचारून घेतले, “एकटेच बसून काय करता हो इथं?”

आतोबा विहिरीकडे बघतच म्हणाले, “बाजारात बोटाला ऐकू आलं पाह्यजे. गलक्यात राह्यलं की बोटं बहिरी होतात.”

तर त्या दिवशीचा तंटा. भावांची वाटणी झाली होती, एकेक बैल एकेकाला. वासरे असल्यापासून एकत्र वाढलेली जोडी; एकाशिवाय दुसरा वैरणीला तोंड लावत नसे. धाकट्याला आपला बैल विकून जालन्याला कापसाच्या कारखान्यात नोकरी धरायची होती. खानदेशचा व्यापारी रोख घेऊन उभाच होता. बैल गेला की थोरल्याची पेरणी बुडाली, आणि पेरणी तर तोंडावर आलेली.

आतोबांनी दोघांना बोटाने खुणावले. एकाला डावीकडे बसवले, एकाला उजवीकडे. दोघांचे हात उपरण्याखाली घेतले. म्हणजे थोरल्याने बैलाला काय देतो ते सांगायचे आणि धाकट्याने काय घेतो ते. व्यापारी म्हणाला, “जल्दी करा.” आतोबांनी डोळे मिटले.

उपरणे हलत राहिले. थोरला दाबी, धाकटा मान हलवी. धाकटा दाबी, थोरला नाक फेंदारी. तोंडाने बोलायची सोय नसल्यामुळे दोघांचा श्वास हळूहळू खाली आला. गर्दीला तमाशा पुरेना, ती पांगली. व्यापारी चहा पिऊन आला, पान खाऊन आला. शेवटी दुसरा बैल बघायला निघून गेला. उपरणे हलायचे थांबले होते, पण हात कोणीच बाहेर काढीना.

मग थोरला त्या उपरण्याकडे बघत म्हणाला, “बोट अजून वाकडंच हाय का रं?”

धाकटा बैलाकडे बघत होता. “वाकडंच राह्यलं. जू पाडलंस ना तू त्याच्यावर.”

“पाडलं न्हाई. निसटलं.”

“मंग मायला मी पाडलं म्हणून का सांगितलंस?”

थोरला मोकळ्या हाताने उपरण्याची सुरकुती सारखी करीत राहिला. मग म्हणाला, “यंदाची पेरणी होऊ दे. मंग बराबर तुझ्या मनासारखं करू.” धाकट्याने नाक पुसले, तेही डाव्या हाताने; उजवा अजून उपरण्याखालीच होता. दिवस मावळायच्या आत जोडी जशी आली होती तशी धावड्याला परत गेली. चुली वेगळ्याच राहिल्या म्हणतात, पण त्या वर्षी पेरायला दोघे होते.

आता आतोबा नाहीत. मी नव्या जालन्यात स्टेशनाजवळ राहतो. कारखान्याचा भोंगा, गाड्यांच्या शिट्ट्या आणि या दोघांवर ताण करणारा माझा स्वतःचा आवाज, यातून दुसरे काही ऐकू येत नाही. वर्षातून एकदा त्या धावेवर जाऊन बसतो. पाव घटका निभते, मग मी मुंगळ्यांशीच बोलायला लागतो.

त्या संध्याकाळी बाजारातून परतताना मात्र मी नाक्यापर्यंत गप्प होतो. जन्मातला विक्रम असावा. गाडी वाऱ्यासारखी चालली होती. पुढे राहवले नाही.

“आतोबा, असं काय सांगितलं हो तुम्ही त्यांना बोटांनी?”

“काहीच न्हाई,” आतोबा म्हणाले. “मी माझे हात मधून कवाच काढून घेतले होते.”