धूर नव्हे, वाफ

नागपूर विमानतळाबाहेर गाडी उभी करून दादाने खिशातून मुठीएवढा काळा डबा काढला. २०१४ साल होतं. सुट्टी संपवून मी सिंगापूरला परत निघाले होते आणि नेमका त्याच आठवड्यात माझा जुना दमा उसळला होता. आईने वाळवलेल्या अडुळशाची पुडी बॅगेत कधीच कोंबली होती. मोबाइलच्या दुकानात बसून जगभरच्या वस्तू मागवणारा माझा दादा म्हणाला, "हे व्हेपोरायझर आहे. पानी नाही लागत, भांडं नाही लागत. पाला टाक अन् बटन दाब." गाडीतच त्याने मला ते चालवून दाखवलं. जन्मभर कारकुनी केलेले बाबा पुढच्या सीटवरून नेहमीचं वाक्य बोलले, "परक्या मुलखात आवाज चढवू नको." आई नुसतीच पुडी नीट ठेवली का, ते चाचपत होती.

दादा, हे तुझ्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखंच घरचं काहीबाही बॅगेत भरून बाहेर पडलेल्या सगळ्यांसाठी.

यंत्र हुशार होतं, यात वाद नाही. मी सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका लॅबमध्ये पदार्थ तापवण्याचंच काम करते, त्यामुळे विमानात मी ते उघडून पाहिलंच. आत बोटाच्या पेराएवढी भट्टी. पाला जळायच्या अलीकडेच तिची उष्णता थांबते, पानातला अर्क वाफ होऊन नळीतून येतो आणि मागे राखेऐवजी तपकिरी पाला उरतो. धूर नाही, वाफ. आईच्या पातेल्यातल्या वाफाऱ्यासारखंच, असं मला वाटलं आणि मी निर्धास्त झोपले.

सिंगापूरला उतरल्यावर बॅग स्कॅनरमध्ये अडली. मध्यमवयीन चिनी अधिकाऱ्याने डबा उचलून विचारलं, "धिस वन व्हॉट?" मी सरळ सांगितलं, व्हेपोरायझर. आमच्याकडे घरोघरी असतं. आईकडे आहे, शेजाऱ्यांकडे आहे, लहान मुलंसुद्धा घेतात. "चिल्ड्रन ऑल्सो?" त्याचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांपुढे आपलं ते सर्दीसाठी पाणी उकळणारं गुलाबी प्लास्टिकचं भांडं होतं, कारण आपण त्यालाच व्हेपोरायझर म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढे सिगारेटची जागा घेणारं यंत्र होतं. शेजारी सुक्या पाल्याची पुडी.

मला एका खोलीत बसवलं. पाला तपासायला नेला. असलं यंत्र देशात आणायलाच बंदी आहे, हे मला तिथे कळलं. आत तंबाखू आहे की अडुळसा, हा प्रश्नच येत नव्हता. पुढे काही वर्षांनी तर ते नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा झालं. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, गेला तर नोकरी गेली, भाड्याचा फ्लॅट गेला आणि सहा वर्षांची मेहनतही गेली, एवढं मला त्या खुर्चीत स्वच्छ दिसत होतं.

पाला निर्दोष निघाला. अधिकाऱ्याने जबाब लिहून पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की हे यंत्र मी पाला ओढण्यासाठी, स्मोकिंगसाठी आणलं. "साइन ओन्ली लाह, फास्टर," तो इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाला. तसा भला माणूस होता, त्यालाही घरी जायचं असणार. बाबांचं वाक्य आठवलं आणि मला त्याचा रागच आला. मी म्हटलं, यंत्र ठेवून घ्या, कायदा तुमचा आहे आणि चूक माझी आहे. पण मी स्मोकिंग करत नाही. हे माझ्या आईचं औषध आहे, तसं लिहा. नाही लिहिलं तर मी बसते इथेच. आणि बसले. दीड तासाने त्याने ते वाक्य खोडून 'दम्यासाठी वनस्पती' असं लिहिलं, मगच मी सही केली. यंत्र जप्त झालं, ताकीद मिळाली, पास वाचला.

इथल्या मराठी मंडळींनी मला वेड्यात काढलं. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरताना एकजण म्हणाले, एवढ्याशा शब्दासाठी पास पणाला लावलात? लावला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावेन.

खरा घाव आईला लागला. "माह्या पाल्यानं तुले चोर केलं," एवढंच फोनवर म्हणाली आणि पुडी बांधणं बंद केलं. बंदी यंत्राला आहे, तुझ्या पाल्याला नाही, हे मी तिला परोपरीने सांगितलं. पुढच्या दोन खेपांना तिने फक्त चिवडा दिला. तिसऱ्या खेपेला मीच परसातला अडुळसा तोडला आणि तिच्या नाकासमोर गच्चीवर वाळत घातला. ती तोंड फिरवून बसली होती.

इथे उतरल्यावर मी कोणी अडवायची वाट पाहिली नाही. सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत, रेड चॅनेलला, स्वतःहून गेले आणि पुडी टेबलावर ठेवली. पोरसवदा अधिकारी बाईने वास घेतला, शिंकली, चार प्रश्न विचारले आणि जा म्हणाली. बाहेर येऊन मी आधी आईला फोन लावला.

"काय म्हने?"

"काही नाही. औषध आहे म्हटलं, जा म्हणाली."

ती म्हणाली, "तुह्यानं तोडनं नाही जमलं नीट. देठं राह्यले त्यात. पुढच्या खेपेला मी बांधतो."

घर कुठलं, असं लोक अजून विचारतात. जिथे आईच्या औषधाचं नाव चोरासारखं दबक्या आवाजात घ्यावं लागत नाही, ते माझं घर. नागपुरात ते मला आयतं मिळालं होतं, सिंगापुरात मी ते भांडून घेतलं.